वितोच्या नावाचं पाकीट

२३ जून, रविवार

आज वितोची गादी जळली. सगळी नाही, उशाकडचा कोपरा. वास आला तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे पिळत होते. धावत गेले तर धाकटे बंधुराज भिंतीला टेकून बसलेले, बोटांत विझलेलं थोटूक, आणि शेजारी गादी धुमसतेय. मी बादली ओतली. तर म्हणतो कसा, "म्बाक, माझी पँट भिजवलीस."

सार्जितो शेतातून आला, गादी पाहिली आणि चिखलाचे बूट न काढताच बसला. माझा नवरा रागावला की आवाज चढवत नाही, उतरवतो. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

"विगाती, ऑगस्टात या अंगणात आपला वर्षाचा तंबाखू वाळत पडेल. पानं वाळवायचे बांबूचे ताटवे, सुकं पान, लाकडाचं घर. एक ठिणगी पुरे. आता दोनच गोष्टी. घरातून सिगारेट जाईल, नाहीतर वितो जाईल. शहरातल्या आश्रमात जागा आहे म्हणतात."

त्या आश्रमात मी एकदा शाळेतर्फे कपडे वाटायला गेले होते. खिडक्यांना जाळ्या, कुलूप बाहेरून. एकाने जाळीतून दोन बोटं बाहेर काढली होती. मला वाटलं हात मिळवायचाय. त्याला सिगारेट हवी होती.

वितोला मी तिथे जाऊ देणार नाही. आईबाबा गेले, थोरला भाऊ गेला. मला थोरली बहीण म्हणून 'म्बाक' अशी हाक मारणारं आता हे एकच माणूस उरलंय, मग त्याच्या डोक्यात आणखी कितीही जण बोलत असोत.

सिगारेट सोडवणं काय अवघड आहे? आयुष्यभर बालवाडीत शिकवलं. अंगठा चोखणारी, माती खाणारी, शर्टाची बटणं चघळणारी, सगळी सरळ केली मी.

२५ जून, मंगळवार

गावभर फिरून आले. या डोंगरावर ज्याच्या-त्याच्या शेतात तंबाखू, आणि मी घरोघर सांगत फिरतेय की माझ्या भावाला सिगारेट देऊ नका. कोळणीने मासळीचा वास येतो म्हणून नाक मुरडावं तसलाच प्रकार. दुकानवाली बू मुर्नी हसून लोटपोट झाली, पण कबूल झाली. सुटी सिगारेट वितोला द्यायची नाही.

गस्तीच्या चौकीवर पाक कासन बसले होते. आमच्या आळीचे प्रमुख तेच. वितो रोज संध्याकाळी चौकीवर जातो आणि ते त्याला अर्धी ओढलेली देतात. ते मला अजून 'बू गुरू'च, म्हणजे शिक्षिकाबाईच, म्हणतात, त्यांची तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेलीत.

"बू गुरू, धूर काढून घेतलात तर त्या बिचाऱ्याकडे राहिलं काय?"

"राहायला घर राहील, पाक."

त्यांना ते पटलं असावं. मग विचारलं, "आणि पाकिटाचं काय करायचं? पुढच्या महिन्यात माझ्या नातवाची सुंता आहे."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे स्लामेतानच्या, म्हणजे दुआ करून घालायच्या जेवणाला आमंत्रणाची चिठ्ठी फिरत नाही, सिगारेटचं पाकीट फिरतं. घरात जेवढे कर्ते पुरुष तेवढी पाकिटं. घेतलं म्हणजे येणार. वितोलाही सगळे देतात, त्यात कुणी भेद केलेला नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडे एकच द्या, सार्जितोच्या नावाचं. सगळ्यांना तसंच सांगा."

पाक कासन मान खाजवत राहिले. म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

१ जुलै, सोमवार

नाकी नऊ आलेत. वितो दिवसभर अंगणात फेऱ्या घालतो. काल चौकीमागच्या गटारातून थोटकं वेचताना सापडला. घरी आणून हात धुतले, लहान पोराचे धुवावेत तसे. मग त्याचा पत्र्याचा डबा शोधून काढला. आत तंबाखू, लवंगेची पूड, कागद, चिमूटभर ऊद. सगळं इतकं नीट लावलेलं, की त्याच्या खोलीतलं दुसरं काहीही तसं नाही. तो समोर असतानाच डबा चुलीत टाकला. चोरून टाकला असता तर त्याने शोधत बसून घर उलथं केलं असतं.

तो आरडाओरडा करील म्हणून मी तयारीत होते. त्याने केला नाही. एवढंच म्हणाला, "आत फार गर्दी झालीय, म्बाक. कुणी सरकून बसत नाही."

मी केळ्याची भजी करून दिली. पाहता पाहता ताटली रिकामी केली.

९ जुलै, मंगळवार

गेले चार दिवस त्याने सिगारेट मागितलेली नाही. फेऱ्याही कमी झाल्या. दुपारी झोपतो. सार्जितो जेवताना म्हणाला, "जमवलंस की." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसाकडून मिळालेली ही दुसरी शाबासकी. पहिली कशाबद्दल होती ते आठवत नाही.

१८ जुलै, गुरुवार

वितो आता सकाळी दहापर्यंत उठत नाही. उठला तरी पलंगावर बसून राहतो. पूर्वी अंगणात उभा राहून फणसाच्या झाडाशी भांडायचा, ते पूर्ण थांबलंय. घर इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. बू मुर्नी म्हणाली, चेहरा कसा भरलाय बघा. खरंच भरलाय.

झोपेत लाळ फार गळते. उशीवर टॉवेल घालते आणि तो रोज वाळत टाकते. पोटही साफ होत नाही, म्हणून पपई सुरू केलीय. तंबाखूचं विष इतक्या वर्षांचं, अंगातून निघायला वेळ लागणारच.

आज शहरातल्या इस्पितळातून त्याच्या महिन्याच्या गोळ्या आणल्या. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कसा आहे?" मी म्हटलं, "सोन्यासारखा." गोळ्या मी स्वतः देते आणि जीभ वर करायला लावून बघते. एकही चुकलेली नाही.

चौकीवर जायचं त्याने आपणहून सोडलं. मी काही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "तिथे गेलं की सगळ्यांचे हात खिशात जातात."

लोक शब्द पाळतात आमच्या गावातले.

२७ जुलै, शनिवार

सकाळी पाक कासन नातवाच्या सुंतेचं पाकीट देऊन गेले. ठरल्याप्रमाणे एक. वितो दारातच बसला होता. उठायला गेला, तोल गेला, चौकट धरून उभा राहिला. शर्टाची बटणं लावली. पाक कासन त्याच्याकडे न बघताच घाईघाईने निघून गेले.

दुपारी जेवण वाढताना मला विचारतो, "म्बाक, मी कधी मेलो?"

मी म्हटलं, "भात थंड होतोय."

"नाही, खरंच. आजारी होतो ते आठवतं. मेलो ते आठवत नाही. तुम्ही माझ्यासाठी जेवण घातलं होतंत का? किती लोक आले होते?"

पूर्वी आवाज ऐकायचा, पण आपण मेलोय असं कधी म्हणाला नव्हता. आजार उलटतोय की काय? सार्जितोला सांगितलं तर तो लगेच आश्रमाची गोष्ट काढेल. नाही सांगितलं. गोळी डोळ्यांत तेल घालून देतेय, आणखी काय करू? मेलेला माणूस दोनदा भात मागून घेत नाही, एवढं मात्र त्याला ऐकवलं. त्यावर तो हसला नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पहिली पानं उतरली. पिकली, चिरली, आज सकाळी ताटव्यांवर घातली. चिरलेला तंबाखू ताटव्यावर पसरणं हे वितोचं काम. त्याच्या हाताला ते असं बसलंय की कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही, सगळा एकसारखा वाळतो. दलाल बोट लावून बघतो आणि भाव पाडत नाही. आजारपणातसुद्धा हे काम त्याने कधी सोडलं नव्हतं.

आज त्याचे हात मधूनच झटका बसल्यासारखे उडत होते. दोन ताटवे मातीत गेले. पुढे ताटव्यापाशीच बसल्या बसल्या झोपला, हनुवटी छातीवर, लाळ शर्टावर. मजुरीवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

सार्जितोने मातीतला तंबाखू गोळा करून वेगळा ठेवला, वितोला उचलून सावलीत नेलं. परत येऊन म्हणाला, "विगाती, हा बरा होतोय ना?"

"आळस चढलाय," मी म्हटलं. "धूर सोडल्यावर होतो."

कुठे ऐकलं होतं मी हे? कुठेच नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. सकाळी वितो न्हाणीघरात पडला. सगळं अंग ताठ, मग थडथड उडायला लागलं, डोळे वर, तोंडातून फेस. किती वेळ ते सांगता येणार नाही. सार्जितोने त्याला उचलून पिकअपच्या मागे घातलं आणि स्वतः त्याचं डोकं मांडीवर धरून बसला. मी पुढे बसले होते; वळणांवर त्याचा आवाज येत होता, "वितो. ए वितो. ऐकतोयस ना?" इतकं मोठ्याने बोलताना मी नवऱ्याला कधी ऐकलं नव्हतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

शुद्धीवर आलाय. मला ओळखलं.

डॉक्टर लिस्त्या म्हणजे माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढी मुलगी. तिने विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत काही बदललं का?"

मी म्हटलं, "काही नाही. गोळ्या त्याच, तेवढ्याच, एकही चुकवलेली नाही. जेवण तेच. उलट तब्येत सुधारावी म्हणून मी त्याची सिगारेटही सोडवली." सांगताना मान जरा ताठच होती माझी.

तिचं पेन थांबलं. "केव्हा?"

मग तिने नीट समजावलं. तंबाखूचा धूर यकृताला कामाला जुंपतो, आणि यकृत ही क्लोझापिनची गोळी भराभर जाळून टाकतं. म्हणून ओढणाऱ्याला गोळी जास्त लागते. वितोचा डोस त्याच्या सिगारेटी धरूनच ठरवलेला होता. धूर बंद झाला, यकृत निवांत झालं, गोळ्या मात्र तेवढ्याच. रक्तात औषध साठत गेलं. लाळ, झोप, बद्धकोष्ठ, उडणारे हात, सगळं त्याचंच. शेवटी झटका.

"म्हणजे मी रोज जीभ वर करायला लावून त्याला विष चारत होते."

"सिगारेट सुटली हे चांगलंच झालं, बू," ती म्हणाली. "फक्त आम्हाला कळायला हवं होतं. आणि आम्हीही विचारायला हवं होतं." डोस बराच कमी केलाय. आता पुन्हा ओढायला लागला किंवा पुन्हा सोडली, काहीही झालं तरी आधी तिला कळवायचं.

निघताना मी विचारलं, "पण हे सगळे इतके का ओढतात हो? तुमच्या वॉर्डाबाहेर बघितलं, झाडाखाली नुसता धूर."

"पूर्ण उत्तर आमच्याकडेही नाही. कुणाला डोकं थोडं जागेवर आल्यासारखं वाटतं, कुणाला औषधाने आलेली जडता कमी वाटते. कुणाचा दिवस जात नाही. तुम्ही भावाला विचारलंत?"

मी ताडकन म्हटलं, "हजारदा!" बाहेर आल्यावर आठवून पाहिलं. "का ओढतोस रे?" असं हजारदा म्हटलंय, ते खरं. पण चड्डी ओली केलेल्या पोराला "का केलंस रे?" म्हणतात, त्या सुरात. त्याला कुणी उत्तर देत नसतं.

१४ ऑगस्ट, बुधवार

काल घरी आणलं. ईदच्या कुर्बानीचं मटण त्याच्यासाठी ठेवलं होतं, ते खाल्लं. लाळ थांबलीय. डोळे मोकळे दिसतात.

दुपारी त्याच्या खोलीत जाऊन बसले आणि विचारलं. या वेळी उत्तरासाठी थांबले.

"गोळीने अंगात सिमेंट बसतं, म्बाक. धूर घेतला की थोडं हलतं."

"आणि आवाज? ते थांबतात?"

"छे. पण मी त्यांना सांगू शकतो, थांबा, पेटवतोय. तेवढं ऐकतात." मग म्हणाला, "दिवस लांब असतो. तुला शाळा होती, पाकनेंना शेत आहे. मला एक पेटवायची, एक विझवायची. आणि चौकीवर कुणाकडे तरी सिगारेट मागितली की तो सरकून जागा देतो. नुसतं बस म्हणून कोण बोलावतं?"

पाकने म्हणजे सार्जितो. मी नवऱ्याला 'पाकने' म्हणते म्हणून तोही म्हणतो.

मी त्याला म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू भजी तळत होतीस."

२५ ऑगस्ट, रविवार

वितो ताटव्यांवर परत आलाय. पहिल्यासारखा हात नाही, पण मातीत काही जात नाही. फणसाशी दोन-चार शब्द होतात, भांडण नाही. सिगारेट मागत नाही. तरी ते मेल्याचं काही डोक्यातून गेलेलं नाही. आज शेजारच्या बाळाच्या नाव ठेवण्याचं पाकीट आमच्याकडे आलं, एक. वितो ताटवा तसाच सोडून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

"आता काय झालं?"

"काही नाही. मेलेल्याला काय व्हायचंय."

माझा संयम संपला. "अरे, पण कोण म्हणतं तू मेलास? तुझे आवाज?"

तो वळला. माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या ढ पोराकडे मी बघायची. "आवाज कशाला म्हणतील? त्यांना माहितीय मी आहे ते. गाव म्हणतं. घरात दोन पुरुष आणि पाकीट एक. पाक कासनच्या नातवाचं आलं, एक. आजचं आलं, एक. बाबा गेले तेव्हा त्यांचं पाकीट असंच बंद झालं होतं. आठवत नाही तुला?"

मी तिथेच जमिनीवर बसले. हा आजार नव्हताच. हा आमच्या गावचा साधा हिशेब होता, आणि तो बरोबर केला होता. चूक फक्त मला माहीत होती, कारण ती मीच घरोघर जाऊन सांगून आले होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण विश्वास बसलेला दिसला नाही. माझ्या तोंडाने तो जिवंत कसा होणार? मी काही पाकीट नाही.

रात्रीच्या जेवणाला सार्जितोपुढे सगळं ओतलं. त्याने ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाला, "पहिला माल गोदामात गेलाय. तसंही एक जेवण घालायचंच आहे."

३० ऑगस्ट, शुक्रवार

पाकिटं आणली. वितोला त्याचं मी द्यायला निघाले, तर सार्जितोने माझ्या हातातून काढून घेतलं. "बायका पाकीट देत नाहीत. एवढं शिकवून तुला हे कळत नाही?"

जुम्म्याच्या नमाजाची लुंगी आणि काळी टोपी त्याच्या अंगावर होतीच. स्वतःच्याच घरात, मोरीपलीकडच्या खोलीच्या दारावर त्याने टकटक केलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. वितोने दार उघडलं.

"परवा दुपारी आमच्याकडे स्लामेतान आहे," सार्जितो म्हणाला, गावच्या मुखियाशी बोलावं तसा, अदबीने. "आपण यावं अशी विनंती आहे."

वितोने हात पुढे केला नाही. "कुणाच्या नावाचं आहे?"

"वितोंच्या."

"कुठल्या?"

"कार्सोंचे धाकटे चिरंजीव. बू गुरू विगातींचे भाऊ. तंबाखू पसरतात ते."

वितोने हात शर्टाला पुसले आणि उजव्या हाताने पाकीट घेतलं. "येतो म्हणून सांगा," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

सार्जितो स्वयंपाकघरात आला, टोपी काढली आणि विनाकारण पाणी प्यायला. "मागे विहिरीपाशी सिमेंटचा ओटा करून घेतो," म्हणाला. "वाळूची बादली ठेवू. ओढायची झाली तर तिथे. कुठे पाठवायचं-बिठवायचं नाही आता." मी मान हलवली.

१ सप्टेंबर, रविवार

पंगत छान झाली. वितो आंघोळ करून, बाबांचा नक्षीदार बाटिक शर्ट घालून, समोरच्या दाराने आला. मागच्या दाराने चार पावलं होती, पण पाहुणा मागच्या दाराने येत नाही म्हणाला. घराला वळसा घालून आला. वरच्या खिशात पाकीट, सगळ्यांना दिसेल असं.

पाक कासन त्याला बघून सरकले. दुआ झाली, जेवणं झाली, पुरुषांनी पाय पसरले. मग पाक कासननी स्वतःचे खिसे उगाच चाचपले, तो माणूस पाकिटाशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि म्हणाले, "वितो, माझ्या संपल्या रे. एक देतोस?"

वितोने पाकीट फोडलं. त्यांना एक दिली. पलीकडच्याला एक दिली. मग उठला आणि ओळीने सगळ्यांना देत गेला, ज्यांच्याकडे इतकी वर्षं मागितली त्यांना. मी दारामागे चहाचा ट्रे धरून उभी होते. चहा गार झाला, मग पुन्हा केला.

सगळे गेल्यावर रिकामं पाकीट घेऊन माझ्याकडे आला. "हे चुलीत टाकू नकोस."

"नाही टाकत. वितो, तू किती ओढल्यास? खरं सांग, डॉक्टरीणबाईंना सांगायचंय."

"एक."

"का ओढलीस?" मी विचारलं आणि थांबले.

"पाक कासननी काडी पेटवून पुढे धरली. काय सांगू त्यांना, मी मेलोय म्हणून?"

उद्या इस्पितळात फोन करायचा आहे: एक.